गाडीचा सर्वांत जड भाग

बंगळुरूजवळ येलहंका इथे हवाई दलाचा तळ आहे. तिथे १९ नोव्हेंबर २०१७ रोजी लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमधल्या ‘टॉर्नेडोज’ या पथकानं एका मोटरसायकलवर ५८ जवान चढवले आणि ती १२०० मीटर चालवून जागतिक विक्रम केला. गाडी होती ५०० सीसीची रॉयल एनफील्ड. जवानांना उभं राहता यावं म्हणून तिच्याभोवती चौथरा जोडलेला होता, पण तोल सांभाळायचा तो मोटरसायकलवरच. एका जवानाचं वजन साठ किलो धरलं तरी ५८ जणांचे जवळपास साडेतीन टन होतात. एवढा भार एका इंजिनानं ओढला, एका माणसानं हँडल धरून सरळ नेला!

या विक्रमाची आठवण मला हटकून होते ती गाड्यांच्या शोरूममध्ये. शंभर-एकशेदहा किलोंचा कुणी भारदस्त माणूस येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, टाकीवरून हात फिरवतो, पण वर बसत नाही. मग बरोबरच्या मित्राला हळूच विचारतो, ‘मी हिला झेपेन ना?’ आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा हसण्यावारी नेला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो. त्याचं नीट उत्तर द्यायला गेलं तर दुचाकीचं जवळजवळ सगळं यंत्रशास्त्र उलगडावं लागतं आणि त्यातून जे हाती लागतं ते थक्क करणारं आहे. तोल, वळण, पकड या ज्या गोष्टींची वजनदार माणसाला सर्वांत जास्त धास्ती असते, तिथे निसर्गाचे नियम त्याच्याशी कसलाही दुजाभाव करत नाहीत. अडतं ते स्प्रिंगपाशी, हवेपाशी, चेनपाशी. आणि या गोष्टी पान्यानं आणि पंपानं जुळवता येतात.

आधी वळण पाहू. घाटातलं तीस मीटर त्रिज्येचं एक वळण आहे आणि गाडी ताशी ४० किलोमीटरनं येते आहे. पडायचं नसेल तर गाडीला किती कलावं लागेल? वेगाच्या वर्गाला त्रिज्येनं आणि गुरुत्वत्वरणानं भागायचं, की त्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. आकडे घातले की कोन येतो सुमारे २३ अंश. हे गणित पुन्हा एकदा पाहा. त्यात वजन कुठेच नाही. वजन जितकं जास्त, तितकी वळणाबाहेर फेकू पाहणारी ओढ जास्त. पण कललेल्या गाडीला खाली खेचणारी ओढही तितक्याच पटीनं जास्त. दोन्हीकडचं वजन एकमेकांना छेदतं आणि उत्तरातून नाहीसं होतं. साठ किलोंची मुलगी आणि १२० किलोंचा पैलवान एकाच वेगानं त्या वळणातून गेले तर दोघांच्या गाड्या सारख्याच कललेल्या दिसतील. टायरची रुंदी आणि बसण्याची उंची यांमुळे थोडाफार फरक पडेल, तेवढाच.

घसरण्याचं काय? ग्यीयोम आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६९९ मध्ये मांडलेला नियम इथे कामी येतो: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे जड स्वाराला वळणात धरून ठेवायला जास्त पकड लागते आणि ती जास्तीची पकड त्याचं स्वतःचंच वजन टायरला मिळवून देतं. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, भार वाढला की ते थोडं मागे पडतं. पण रस्त्यावरच्या रोजच्या वेगात हा फरक जाणवण्याइतका मोठा नसतो. ब्रेकचंही तसंच. ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक लावला तर गाडी साधारण वीस मीटरांत थांबते. सत्तर किलोंच्या स्वाराची आणि एकशेदहा किलोंच्या स्वाराची ही अंतरं तत्त्वतः सारखीच. जड स्वाराला लिव्हर जास्त जोरानं दाबावी लागते आणि डिस्क जास्त तापते, हा खरा फरक. तापण्याकडे आपण पुढे घाटात येऊच.

आता हँडल. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेलेली दुचाकी डावीकडे वळवायची असेल तर हँडलची डावी बाजू क्षणभर पुढे ढकलावी लागते. म्हणजे चाक आधी उजवीकडे वळतं! त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग ते वळण घडतं. आपण सगळे लहानपणी सायकल शिकल्यापासून हेच करत आलो आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटनमध्ये सायकलींचं दुकान होतं. त्यांतल्या विल्बर राइटनं सायकलवाल्यांना विचारून पाहिलं होतं, की तुम्ही वळता कसे? हे उलटं ढकलणं कुणालाच सांगता आलं नाही, असं त्याच्या लक्षात आलं.

वजनदार माणसाच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की वळण अंग झोकून घेतलं जात नाही. कीथ कोड हे अमेरिकेतले मोटरसायकल-प्रशिक्षक. त्यांनी एक गाडी अशी बनवली, की तिला नेहमीच्या हँडलशिवाय सांगाड्याला पक्कं जोडलेलं, न वळणारं दुसरं हँडल होतं. स्वारानं हे पक्कं हँडल धरून अंग कितीही इकडेतिकडे टाकलं तरी गाडी नुसती डुलते, भरवशानं वळत नाही. वळवायला हँडलच ढकलावं लागतं आणि त्याला लागणारा जोर मनगटाचा आहे. शरीर वजनदार आहे म्हणून गाडी मनाविरुद्ध कुठे जाईल, ही भीती त्या एका प्रयोगानं निकालात काढली.

कमी वेगात चित्र पालटतं. चालती गाडी सावरण्यात उंचावरचं वजन मदतच करतं. तळहातावर लांब काठी उभी तोलणं सोपं आणि खडू तोलणं अशक्यप्राय, कारण उंच वस्तू हळू पडते आणि सावरायला सवड देते. पण सिग्नलला थांबलात की ही सवड संपली. दीडशे किलोंची गाडी आणि ११० किलोंचा स्वार मिळून २६० किलो. गाडी पाच अंश जरी कलली तरी टेकलेल्या पायावर ४० किलोंच्या आसपास भार येतो, दहा अंशांना जवळपास त्याच्या दुप्पट. पायाखाली खडी किंवा सांडलेलं ऑइल असेल तर पाय सरकतोच. म्हणून थांबताना हँडल सरळ ठेवून, पुढचा ब्रेक अलगद सोडत, गाडी उभी असतानाच पाय टेकायची सवय जड स्वारानं लावून घ्यावी. चढून बसतानाही गाडी साइड स्टँडवर असावी, मग पाय पलीकडे टाकावा. पोटाला हँडल लागतं म्हणून बरेच जण सीटवर मागे सरकून बसतात. यू-टर्न घेताना ते सोयीचं वाटतं, पण मग वजन मागच्या चाकावर जातं आणि पुढचं चाक हलकं होतं. त्यापेक्षा हँडल उंच करून देणारे तुकडे मिळतात, ते बसवावेत.

इथवर स्वाराचा विचार आपण गाडीवर ठेवलेलं एक वजन म्हणून केला. तो तसा नसतो. दीडशे सीसीच्या गाडीचा सर्वांत जड सुटा भाग म्हणजे इंजिन. ११० किलोंचा माणूस त्याच्या कितीतरी पट जड, आणि सर्वांत उंचावरचाही तोच. मोटरसायकल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ती अपुरी असते. तिचा सर्वांत जड भाग घरी जेवून, कपडे करून, हेल्मेट घालून यायचा असतो. तो किती जड असेल हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून कंपनी एक अंदाज धरते. दुचाकींच्या प्रदूषण-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा अंदाज ७५ किलोंचा आहे. तुम्ही त्या अंदाजाहून तीस-चाळीस किलोंनी वेगळे असाल तर गाडीत दोष नाही, तुमच्यातही नाही. जोडणीचं थोडं काम शिल्लक राहिलेलं असतं, एवढंच.

कोल्हापूरकडे पैलवान आणि बुलेट ही जोडी ठरलेलीच. जत्रेतल्या कुस्त्यांना बक्षीस म्हणून बुलेट लावलेली असते आणि तालमीतून मेहनत करून निघालेला गडी बुलेटवरच शोभतो, असं लोक मानतात. यात रुबाबाचा भाग आहेच, पण गणितही आहे. फ्रीस्टाइल कुस्तीच्या सर्वांत वरच्या गटाची मर्यादा १२५ किलो. असा मल्ल ११२ किलोंच्या कम्युटर गाडीवर बसला तर गाडीपेक्षा स्वार जड होतो आणि त्यानं नुसतं मागे वळून पाहिलं तरी गाडीला ते कळतं. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. तिथे स्वाराचा वाटा कमी, त्यामुळे त्याच्या हालचालींनी गाडी तितकी विचलित होत नाही. आणखी एक गोष्ट बुलेटच्या इतिहासात आहे. मागचं चाक झुलत्या आर्मवर आणि तेल भरलेल्या शॉकॲब्सॉर्बरांवर पेलायची पद्धत सर्रास गाड्यांत येण्याआधीच १९४८-४९च्या बुलेटनं स्वीकारली होती. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत मागचं चाक सांगाड्याला सरळ ठोकलेलं असायचं आणि स्वाराला वाचवायला सीटखाली दोन स्प्रिंगा असायच्या, बस्स.

ती स्प्रिंग हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये सांगितलं, की स्प्रिंग भाराच्या प्रमाणात दबते. दुप्पट भार, दुप्पट दब. गाडीवर तुम्ही बसलात की मागचा भाग थोडा खाली जातो; त्याला आपण गाडी बसली म्हणतो. ती थोडी बसलीच पाहिजे. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा हवी आणि उंचवट्यावर वर चढायलाही. साधारण नियम असा, की चाकाची वर-खाली जायची जेवढी एकूण चाल असेल, तिच्यातली तीस टक्के नुसत्या बसण्यात जावी आणि सत्तर टक्के शिल्लक राहावी. स्वार चाळीस किलोंनी जड झाला तर कम्युटर गाडी आणखी सुमारे एक सेंटिमीटर बसते. ऐकायला किरकोळ. पण दहा-अकरा सेंटिमीटरांच्या चालीतला तो एक सेंटिमीटर आहे, आणि मागे डबल सीट कुणी बसलं की आणखी दोन गेले. मग गतिरोधकावर ‘ठक्’ असा आवाज येतो आणि कण्यात कळ जाते. शॉकॲब्सॉर्बर संपून रबरी ठोकळ्यावर आदळला, असा त्याचा अर्थ.

हे मोजायला एक टेप आणि तीन माणसं पुरतात. गाडी मागून उचलून चाक अधांतरी करायचं. चाकाच्या आसाच्या नटापासून सरळ वर, सीटखाली खडूनं केलेल्या खुणेपर्यंत टेप लावायची आणि आकडा लिहून घ्यायचा. मग गाडी जमिनीवर. स्वार पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट बसतो, दोन्ही पाय फूटरेस्टवर. एक जण समोरून हँडल धरून गाडी उभी ठेवतो, तिसरा खाली उकिडवा बसून तीच दोन टोकं पुन्हा मोजतो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे गाडी किती बसली. शंभर मिलिमीटर चाल असेल आणि फरक पन्नास आला तर निम्मी चाल गाडी हलायच्या आधीच संपलेली आहे. आता शॉकॲब्सॉर्बरच्या तळाशी पाहा. तिथे पायऱ्या पाडलेली एक कडी असते, बहुतेक गाड्यांत पाच खाचांची. टोकाला आकड्यासारखा वाकलेला पाना त्या कडीत अडकवून ती एकेक खाच फिरवायची. दोन्ही बाजूंना सारखी. पुन्हा बसायचं, पुन्हा मोजायचं. फरक पस्तिसापर्यंत खाली आला की काम झालं. अनेकांच्या गाड्या वर्षानुवर्षं शोरूममधून निघाल्या त्याच खाचेवर चालतात. हा पाना कित्येक गाड्यांच्या टूलकिटमध्ये कंपनीनं दिलेला असतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कडी फिरवल्यानं स्प्रिंग कडक होते, असा एक समज आहे. ती कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडी कुठून बसायला सुरुवात करते ती जागा बदलते. शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी जास्तच बसत असेल तर जाड तारेची, खरोखर कडक स्प्रिंग घालणं हाच उपाय. आणि स्प्रिंगबरोबर तेलाचाही विचार हवा. स्प्रिंग एकदा दबली की वर-खाली होत राहू पाहते. शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि ते हेलकावे जिरवतं. भार वाढला की हेलकावा मंद होतो आणि तेवढंच तेल त्याला जिरवायला कमी पडतं. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खाली जाऊन शांत झाली तर ठीक. दोन-तीनदा उचकत राहिली तर तेल कमी पडतंय किंवा सील गळतंय. वजनदार स्वाराचे शॉकॲब्सॉर्बर लवकर थकतात. ते सोसूनच झिजतात, त्यात तक्रारीसारखं काही नाही. बदलायला मात्र कुचराई करू नये.

या सेंटिमीटरांचा एक परिणाम रात्री दिसतो आणि तो बघून मी पहिल्यांदा चकितच झाले होते. गाडी मागून एक सेंटिमीटर बसली आणि पुढची बाजू तशीच राहिली तर संपूर्ण गाडी अर्ध्या अंशापेक्षाही कमी मागे झुकते. डोळ्यांना कळणारही नाही. पण हेडलाइटचा झोत पन्नास मीटर अंतरावर जवळजवळ चाळीस सेंटिमीटर वर उचलला जातो. डबल सीटनं तीन सेंटिमीटर बसली तर झोत मीटरभराहून जास्त वर, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. समोरून येणारे लोक पुन्हा पुन्हा डिपर मारतात, शिव्या घालतात, आणि स्वाराला वाटतं आपण तर लाइट खालीच ठेवलाय. खरा उपाय मागच्या खाचेत असतो, किंवा हेडलाइट खाली करायच्या स्क्रूत.

आता त्याहून विलक्षण गोष्ट. तुमचं सगळं वजन शेवटी पेलते ती हवा. टायरच्या रबराचा त्यात वाटा असतो, पण मुख्य काम कोंडलेल्या हवेचं. पंपवाला मोजतो तो दाब आणि टायरचा जमिनीला टेकलेला भाग, यांचा गुणाकार म्हणजे साधारणपणे चाकावरचा भार. तुम्ही गाडीवर बसलात म्हणून टायरमधला दाब जवळजवळ वाढत नाही. टेकलेला भाग मोठा होतो. उदाहरण करून पाहू. दीडशे किलोंची गाडी, सत्तर किलोंचा स्वार: मागच्या चाकावर साधारण १२४ किलो. हवा २८ पीएसआय असेल तर टेकलेला भाग होतो सुमारे ६३ चौरस सेंटिमीटर. स्वार ११० किलोंचा झाला की मागच्या चाकावर १५२ किलो येतात आणि टेकलेला भाग ७७ चौरस सेंटिमीटरांवर जातो. टायर जास्त चेपतो, फिरताना जास्त दुमडतो, तापतो, कडेनं लवकर झिजतो. आता हवा ३२ करा. भाग पुन्हा ६८ चौरस सेंटिमीटर! चार पीएसआयमध्ये चाळीस किलोंतले बरेचसे भरून निघाले. कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकेत मागच्या टायरसाठी दोन आकडे छापलेले असतात, एकटा स्वार असेल तर २८ आणि डबल सीट असेल तर ३२. शंभरीपार गेलेल्या स्वारानं एकटं असतानाही डबल सीटचाच आकडा सांगावा. पंपावरचा पोरगा ‘किती?’ म्हणून विचारतो तेव्हा ‘टाक अंदाजे’ म्हणू नये. ‘पुढं पंचवीस, मागं बत्तीस’ असं ठणकावून सांगावं, अर्थात आपल्या गाडीचे आकडे बघून.

गाडीला तारांची चाकं असतील तर त्यांचाही एक चमत्कार आहे. आपल्याला वाटतं की खालच्या तारा खांबासारख्या भार पेलतात. त्या बारीक तारा दाबल्या तर वाकतील. सगळ्या तारा मुळात ताणलेल्या असतात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. चाक पेलतं ते या ताणाच्या फरकावर. म्हणून जाणता मिस्त्री चाक फिरवत पान्यानं एकेक तार वाजवून बघतो. ढिली तार आवाजातच कळते. वजनदार स्वाराच्या बुलेटचं रिम दर सर्व्हिसिंगला असं वाजवून घ्यावं, आउट असेल तर काढून घ्यावा.

चेनबद्दल फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट सांगते. मागचं चाक वर-खाली होतं तसं चेनचा ढिलेपणा बदलत असतो. इंजिनाकडचं दातेरी चक्र, झुलत्या आर्मचा खिळा आणि मागच्या चाकाचा आस हे तीन बिंदू एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. गॅरेजमध्ये गाडी डबल स्टँडवर असते, चाक लोंबतं, आणि मिस्त्री चेन छान टाइट करून देतो. मग जड स्वार बसतो, आर्म वर सरकतो, ती तीन टोकं रेषेच्या जवळ येतात आणि चेन तारेसारखी ताणली जाते. गिअरबॉक्सच्या बेअरिंगला याचा मार बसतो. त्यामुळे चेन तपासायची तर स्वार गाडीवर बसलेला असताना दुसऱ्या कुणीतरी खालून बोटानं उचलून पाहावी. दोन-तीन सेंटिमीटर हललीच पाहिजे.

चढाची मात्र फार काळजी नको. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी चाळीसनं जायला चाळीस किलो जास्तीच्या वजनापोटी सुमारे अर्धी अश्वशक्ती जास्त लागते. सपाट रस्त्यावर वेगात तर इंजिनाची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, वजनाचा तिथे फारसा संबंध नाही. शहरात दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना पेट्रोल जास्त जळतं, हे खरं.

उताराचा विचार करायला हवा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरांहून अधिक खाली येते. गाडी, स्वार आणि डबल सीटवरचा माणूस मिळून ३०० किलो धरा. एवढ्या उंचीवरून उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती अकरा लिटर पाणी उकळायला पुरेल! ती कुठेतरी गेलीच पाहिजे. थोडी हवेत जाते, थोडी इंजिनाच्या विरोधात, उरलेली ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये. चाळीस किलो जास्तीचं वजन म्हणजे त्यातलं दीड लिटर उकळतं पाणी. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहतं, आणि डॉट ४ प्रतीच्या ऑइलला नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसचा उत्कलनबिंदू असला तरी ओलावा शोषल्यावर त्याची खात्री १५५ अंशांपर्यंतच देता येते. ऑइलला उकळी फुटली की वाफ तयार होते आणि लिव्हर हँडलपर्यंत सैल येते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ते अक्षरशः पाळावं: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. जोरात ब्रेक लावला की भार पुढे झेपावतो. आपल्या २६० किलोंच्या उदाहरणात पुढच्या चाकावर जवळजवळ दोनशे किलो येतात. पुढचा ब्रेक लावायची भीती बाळगणारा जड स्वार आपला तीन चतुर्थांश ब्रेक वापरतच नाही.

उदार निसर्गनियमांपुढे एकच कडक गोष्ट उरते, ती म्हणजे कंपनीनं घालून दिलेली भाराची मर्यादा. शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांवर स्वार, डबल सीट आणि सामान मिळून ही मर्यादा १३० ते १५० किलोंच्या आसपास असते. एकशेदहा किलोंचा माणूस एकटा त्यात आरामात बसतो; बायकोला मागे घेतलं की दोघं मर्यादा ओलांडतात. हे कटू वाटलं तरी उघड बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे दुचाकी ही घराची गाडी आहे आणि तिच्यावर एकटं बसणं अपवादानंच घडतं. टायरवरही हा हिशेब कोरलेला असतो. ‘१००/९०-१७ ५५ पी’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यातला ५५ हा भाराचा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ २१८ किलो. आपल्या उदाहरणातल्या मागच्या चाकावर स्वारासह १५२ होते. सत्तर किलोंचं माणूस मागे बसलं की ते २१५च्या घरात जातात. काठावर! त्यावर दळणाचा डबा ठेवायला जागा नाही.

तेव्हा वजनदार वाचकांना माझं सांगणं आहे. गाडी घेताना इंजिनाच्या सीसीआधी पुस्तिकेतली कमाल भाराची ओळ वाचा आणि आपलं व मागे नेहमी बसणाऱ्या माणसाचं वजन त्यात मिळवून पाहा. चाचणी-फेरीला निघण्याआधी विक्रेत्याला मागच्या शॉकॲब्सॉर्बरची खाच तुमच्या वजनाप्रमाणे लावून द्यायला सांगा, टायरात हवा भरून घ्या आणि मगच गाडी कशी वाटते ते ठरवा. पाना तिच्या टूलकिटमध्येच असेल, आणि या कामाला पाच मिनिटं लागतात.